थिएटरच्या भिंतीतली घरघर

नर्सिंग होमच्या डॉक्टरने आम्हाला फसवलं. "सगळ्या तपासण्या झाल्या" असं सांगून माझ्या बायकोला टेबलावर घेतलं, आणि जी तपासणी हवी होती ती केलीच नव्हती. हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, हा कुण्या बाबाच्या नादी लागलेला दिसतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. इकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या जुन्या विजेच्या मोटारी घेतो-विकतो. मोटार चालू करायची, वर तळहात ठेवायचा, मग भाव बोलायचा. दुसऱ्याच्या शब्दावर मी काही घेत नाही. त्या डॉक्टरचा शब्द मात्र घेतला...

गर्भपातानंतर सुनंदाची पिशवी साफ केली होती. तेव्हापासून मधेच एकदम भळाभळा रक्त जायचं. गोळ्यांनी थांबेना. डॉक्टर म्हणाले, "आत थोडं राहिलं असेल, पुन्हा साफ करू."

दुपारी तिला थिएटरमध्ये नेलं आणि लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे थांबलेले. मी बाहेर भिंतीला हात टेकून उभा होतो. भिंत थरथरत होती — एक ठोका, मग घरघर, पुन्हा ठोका.

"सिस्टर, इस दीवार में कौन सी मोटर चल रही है?"

"लाइट गोल है भैया, मोटर कहाँ से चलेगी?"

माझाच ठोका हाताला लागत असेल म्हणून स्वतःची नाडी धरून पाहिली. तिची चाल वेगळी होती. मग मी दार ढकलून आत गेलो. का, ते आजही सांगता येत नाही.

"भैया, बाहर! दस मिनट का काम है," डॉक्टर ओरडले.

"नहीं करवाना. सुनंदा, ऊठ."

तिला अजून भूल दिली नव्हती. "अहो, काहून तमाशा करून राहिले? लोक पाहून राहिले ना!"

"पाहू दे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात कलर डॉप्लर झाला, म्हणजे रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. पडद्यावर लाल-निळा गुंता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाच्या भिंतीत धमनी थेट शिरेला जोडली गेली आहे. क्वचितच दिसतं. इथे खरवडलं असतं तर रक्त आवरणं कठीण होतं." मग त्यांनी मशीनचा आवाज चालू केला.

ठोका... घरघर... ठोका.

मी खुर्चीवरून उठलोच. भिंतीत हाताला लागलं होतं ते हेच.

मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन त्यांनी तो गुंता आतून बंद केला. पिशवी वाचली, सुनंदा वाचली. नंतर नर्सिंग होममध्ये जाऊन त्याच भिंतीला हात लावून आलो. थंड, मुकाट. आत पाण्याचा पाइपसुद्धा नाही, असं तिथल्या प्लंबरने सांगितलं.

भिंतीचं कोडं मला सुटलेलं नाही, आणि भिंतीकडे मी खुलासा मागतही नाही. डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे मागतो. डॉप्लर केला नव्हता, तर "सगळं झालं" असं का सांगितलं? मला सांगू नका. सुनंदाच्या समोर बसा आणि तिला सांगा.