एका टोपल्यातलं लेकरू

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी विचारलंच, तर मारेगावकडच्या त्या उत्खननाचा छापील अहवाल पुढे करायचो. सापडलेल्या वस्तूंची प्रकारांनुसार वर्गवारी करून उत्खनन कसं प्रसिद्ध करावं, याची चौकट मी त्यात मांडली होती. तिचं कौतुक झालं. विद्यार्थी अजून ती शिकतात.

त्या कामावर खापरं धुणारी एक बाई होती. कापसाची वेचणी संपली की यायची. एका खड्ड्यातलं सगळं ती एकाच टोपल्यात ठेवायची आणि काठाला खड्ड्याची चिठ्ठी बांधायची. एका दुपारी जुन्या घराच्या जमिनीखालून तोंड झाकलेलं मडकं निघालं. आत बोटाएवढी हाडं आणि पाच मणी. तिचा हात थांबला.

"साहेब, हे लेकरू व्हय. याचं सारं एकाच टोपल्यात राहू द्या."

मी हसलो. मडकं मडक्यांत, मणी मण्यांत, हाडं हाडांत, शास्त्र असंच चालतं, असं तिला समजावलं. वर्गवारीचा क्रमांक पडला की चिठ्ठीची गरज नाही, हा नियम माझाच. चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने सोडून फेकली.

अहवाल छापून आल्यावर मोठ्या हौसेने तो गावात दाखवायला नेला. तिला वाचता येत नव्हतं. चित्रं बघत तिने विचारलं, "आपलं लेकरू कोणत्या पानावर हाय?"

मडकं चौथ्या प्रकरणात होतं. मणी इतर मण्यांत मिसळले होते. त्यातले पाच कोणते, मला सांगता येईना. हाडं जनावरांच्या हाडांबरोबर पोत्यात गेली होती. तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"त्याच्या मायनं त्याले एका जागी ठेवलं होतं," ती म्हणाली.

मी चहा घेतला, यंदा बोंडअळी कितपत आहे ते विचारलं आणि निघालो.

आता जुने अहवाल संगणकावर चढवताहेत. नोंदी तपासायला माझ्याकडे आल्या. त्या मडक्यापुढे 'स्थान अज्ञात' असं मीच लिहिलेलं होतं. ते खोटं आहे. मडकं उत्तरेच्या भिंतीलगत, चुलीपासून दोन हातांवर होतं. तशी दुरुस्ती मी पाठवली. मण्यांपुढे काही लिहिता आलं नाही.

बाई आता नाही. ती असताना त्या गावावरून मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा गाडी थांबवली नाही. म्हणायचं एवढंच होतं : बाई, तुमचं टोपलं बरोबर होतं. ते मी विस्कटलं. मला माफ करा.