पाण्याची खूण

चाळिशी उलटलेली मी बाई, विश्रामबागेतल्या माझ्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी एक जग चालवते. हसा खुशाल! फाशांचा खेळ आहे. जग मी रचायचं, गोष्ट मी सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन आत शिरायचं. खेळणारे दोघंच. एक माझी थोरली बहीण, दुसरा माझ्या ऑफिसातला मित्र, दुष्काळी जतकडच्या मेंढपाळ घरातला.

ताईला मीच ओढून आणलं होतं. तिचं घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. महापुरात ते आठवडाभर पाण्याखाली होतं. रोज संध्याकाळी घाटावर जाणारी ही बाई, त्यानंतर नदीचं तोंड बघेना. वर्षं गेली, तरी कुणी विषय काढला की उठून जायची. मला माझी जुनी ताई परत हवी होती, आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून हा खेळ.

त्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात माझ्या जगाचा धर्म मांडला. आधी नुसतं पाणी होतं. पाण्यातून माती वर आली, मातीच्या पोटातून आग, आगीच्या धापेतून वारा. चार देव आणि चार खुणा, पुठ्ठ्यावर स्केचपेननं काढलेल्या. मातीचा चौकोन, आगीचा त्रिकोण, वाऱ्याचं भिरभिरं. पाण्याच्या तीन लाटा, आणि त्यांच्याखाली मी लिहिलं होतं, ‘सगळ्यांची माय’.

ताईनं पुठ्ठा उचलला. “चूक आहे,” ती म्हणाली. “पाण्याची खूण सरळ असते. आडवी रेघ. आमच्या भिंतीवर आहे, माझ्या खांद्याएवढी. तीनदा रंग दिला, तरी वर येतेच. आणि हिला माय म्हणणार असशील तर मी निघाले.”

“अगं, खेळ आहे नुसता!” मी खेकसलेच. माझा स्वभावच मेला असा. मग माझी मलाच लाज वाटली.

मित्रानं चहाचा कप खाली ठेवला. “आवं ताई,” तो म्हणाला, “आमच्याकडं लाट कुठली न् रेघ कुठली? रिकामी घागर, हीच पाण्याची खूण. कालव्याचं पाणी पयल्यांदा आलं तवा सगळा गाव काठावर. आमच्या आईनं खण-नारळानं पाण्याची ओटी भरली. ये बाई, म्हणली, लय वाट बघायला लावलीस.”

ताईनं पुठ्ठा खाली ठेवला.

“ओटी आम्हीही भरतो,” ती हळू म्हणाली. “पूर चढला की. मी भरली होती. जा बाई म्हटलं, आल्या वाटेनं जा. ऐकलं नाही तिनं.”

तोच खण, तोच नारळ, तेच तांदूळ. एकाच जिल्ह्यात, एका टोकाला ये म्हणून आणि दुसऱ्या टोकाला जा म्हणून! मी स्केचपेननं देव काढत बसले होते, आणि खरा धर्म माझ्याच चटईवर बसून चहा पीत होता.

शेवटी मी म्हटलं, “बरं. तुम्ही दोघं पाण्याच्या देवीच्या काठावर उभे आहात. फासा टाका.”

ताईनं फाशाला हात लावला नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. आली ती नारळ, मूठभर तांदूळ आणि मला कुणीतरी दिलेला ब्लाऊजपीस घेऊन. मित्रानं काही न विचारता पाण्याचा तांब्या मधोमध ठेवला. ताईनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि तांब्याची ओटी भरली.

“ये बाई,” ती म्हणाली. “ह्याच्या आईच्या घागरीत ये. माझ्याकडंही ये. पण उंबऱ्याबाहेर थांब.”

मित्रानं डोळे मिटले होते. ती देवी मी आदल्या दिवशी मेथी निवडता निवडता बनवलेली, तरी माझे हात आपसूक जोडले गेले. इतकं मोठं काही माझ्या घरात याआधी कधी घडलं नव्हतं.

“बोल की,” ताई म्हणाली, “देवी काय म्हणाली?”

खेळाच्या नियमानं उत्तर मी द्यायचं होतं. मी पुठ्ठा उलटसुलट करत राहिले.

“मग तिलाच विचारते,” ती म्हणाली. ओटी पिशवीत घातली, चपला चढवल्या आणि जिना उतरली. मी खिडकीशी धावले. खाली ती रिक्षावाल्याला सांगत होती, “घाटावर चला.”