रिलीव्हर हजर

दुपारचे साडेतीन वाजले असतील. आम्ही पेणला राहतो, आणि आमच्या घराखालच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर घरघरत होता, म्हणून फोनवरचा धर्माचा आवाज आधी नीट ऐकूच आला नाही. "ताई, चार्ज घेतला," तो म्हणाला. आणि मग, "साहेब गेले." साहेब म्हणजे माझे वडील, अप्पा. लोकांना विचित्र वाटेल, पण खरं सांगते, मला पहिला हुंदका आला तो सुटकेचा होता. सहा वर्षं मनावर बसलेलं एक ओझं 'चार्ज घेतला' या दोन शब्दांनी उतरलं. चार्ज कसला आणि धर्मा कोण, हे कळायला मला स्वतःलाच एकेकाळी दोन महिने लागले होते, तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

अप्पा रोह्याला एका कंपनीत बॉयलरवर होते. आयुष्यभर तीन शिफ्टा. पुढच्या शिफ्टचा माणूस म्हणजे रिलीव्हर. तो येणार, त्याला सगळी रीडिंग दाखवून चार्ज द्यायचा आणि मगच जागा सोडायची. रिलीव्हर आला नाही तर दुसरी शिफ्टही आपलीच. एका दिवाळीत पहिल्या आंघोळीला आम्ही उटणं कालवून वाट बघतोय आणि हे आले दुपारी! आई कडाडली, "त्या बॉयलरशीच लगीन लावायचं होतं की!" अप्पा शांतपणे म्हणाले, "रिलीव्हर आला नाय गो, काय करू?" हे वाक्य आमच्या घरात चेष्टेचं होऊन बसलं होतं. भाजी का आणली नाही? रिलीव्हर आला नाही.

आई गेली तेव्हा अप्पा अठ्ठ्याहत्तरचे होते. पुढच्याच वर्षी ते न्हाणीघरात घसरले. हाड वाचलं, पण मी घाबरले. भाऊ पुण्याला, म्हणजे जबाबदारी माझी. हॉस्पिटलातून त्यांना घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, गाडीत घातलं आणि थेट पेण. ते म्हणत होते, "बाय, अर्धा तास दे, चार्ज द्यायचा राहिलाय." मी म्हटलं, "अप्पा, कंपनी सोडून वीस वर्षं झाली. आता आराम करा." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो विषय सोडला. त्यांचा फोन पडताना फुटला होता. तोही मी नवा घेतला नाही. कशाला डोक्याला त्रास!

आणि मी काय आराम दिला म्हणता! आंघोळीचं पाणी काढून, चहा हातात, पपईच्या फोडी करून, बिया काढून. फिरायला जातो म्हणाले तर, "नको, पडाल." दोन महिन्यांत तो ताठ माणूस भिंत धरून चालायला लागला. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. दुपारी तीन वाजले की मात्र उठायचे, फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "रिलीव्हर आला का?" संपलं, म्हटलं, अप्पांना भ्रम झाला. डॉक्टरांनी वार, महिना, साल विचारलं, तर सगळं बरोबर सांगितलं. तरी माझी खात्री हटेना. मी कसली शहाणी!

एका दुपारी तीनच्या सुमाराला दारात धर्मा वाघमारे उभा. रोह्याच्या कुंडलिका नदीकाठच्या वाडीवरचा माणूस, साठी उलटलेला, कंपनीत रोजंदारीवर अप्पांच्या हाताखाली होता. रोह्याहून गाडीने आलेला, स्टेशनपासून विचारत विचारत चालत. आत यायलाही तयार नाही. "ताई, साहेबांनी चार्ज दिला नाय ना. बाईंच्या डोळ्यांचे थेंब, सकाळची बाटली कोनती नि सांजची कोनती, मला कसा कळनार? साहेबच काढून ठेवायचे, आता अंदाजानं घालतोय."

बाई म्हणजे आमच्या रोह्याच्या घराशेजारच्या कुसुमबाई. मला शाळेत शिकवलेल्या, आता एकट्या, काचबिंदूने नजर गेल्यातच जमा. आई गेल्यावर अप्पांनी तिथे ड्युटी लावून घेतली होती. सकाळी सात ते तीन अप्पा : थेंब, पाणी भरणं, बाईंना पेपर वाचून दाखवणं, त्यांना हाताला धरून नदीपर्यंत चालवणं. तीनला धर्मा हातातलं काम आटपून यायचा, तो दिवेलागणीपर्यंत. बाईंच्या ओटीवर खिळ्याला एक वही टांगलेली, तिच्यात चार्ज. आणि मी त्या माणसाला रिलीव्हर यायच्या आत जागेवरून उचलून आणलं होतं. मला इतकी लाज वाटली... धर्माला बघून अप्पा भिंत न धरता बाहेर आले. "ये. हिरव्या बुचाची सकाळी आणि सांजची, दोन्ही वेळा. पांढरी फक्त सांजची. लिहून घे." धर्माला अक्षरं जेमतेम येतात, तेव्हा त्यांनी बाटल्यांची चित्रं काढून दिली. त्या रात्री पूर्ण भाकरी खाल्ली.

मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला काय हवंय?" म्हणाले, "ड्युटी." भाऊ फोनवर ओरडला, "ऐंशीला टेकलेल्या माणसाला एकटं ठेवतेस? उद्या तिथे एकटेच पडून राहिले तर तू जबाबदार!" हेच ते ओझं. तरी मी त्यांना रोह्याला सोडायला निघाले. गडब गेलं, नागोठणं गेलं, तसतसे अप्पा सीटवर सरळ होत गेले. न्हाणीघरात मी धरायला दांडी लावून दिली, नवा फोन दिला आणि तोंड बंद ठेवून परत आले.

पुढे सहा वर्षं! लोक मला विचारायचे, तुमचे अप्पा खातात तरी काय? अहो, सगळं खायचे. वालाचं बिरडं, सुकट, वर लोणचंही. पण सातला हजर राहायचं म्हणून दहाला झोपायचे, बाईंना चालवायचं म्हणून स्वतः चालायचे, आणि बीपीची गोळी चुकायची नाही, कारण रीडिंग वहीत लिहावं लागायचं. बाई म्हणायच्या, "तुझा बाप मला बॉयलर समजतो!" मी मात्र अवेळी फोन वाजला की दचकायचे. भावाचं वाक्य तेवढं सुटत नव्हतं.

त्या दिवशी तीनला धर्मा आला. अप्पांनी चार्ज दिला, सही केली, म्हणाले, "सगळं नॉर्मल. च्या टाक रे." धर्मा चहा घेऊन आला तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले होते. बाईंचा हात त्यांच्या हातावर होता. बाईंना वाटलं, डोळा लागला.

भाऊ पुण्याहून पोचला, तो घाबऱ्या आवाजात आधी हेच बोलला, "एकटे होते का गं?" मी वही त्याच्या हातात दिली. शेवटची ओळ अप्पांच्या अक्षरात होती. 'हिरवी दिली. पाणी भरलं. बीपी नॉर्मल. रिलीव्हर हजर.' त्याने ती दोनदा वाचली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडला.

वही अजून त्याच खिळ्याला आहे. सकाळच्या ड्युटीला सध्या गल्लीतलीच माणसं वार वाटून येतात. रविवार माझा. पेणहून पहिली गाडी पकडते, बाईंच्या डोळ्यांत थेंब घालते, त्यांना नदीपर्यंत नेऊन आणते. तीनला धर्मा आला की सही करते. अप्पांची सही असलेलं पान उलटायला मला पहिल्या रविवारी फार वेळ लागला. धर्मा शेजारी उभा होता. म्हणाला, "लिवा ताई. मी आलोय."