अण्णाजींचा पुढचा डावा टायर

गाडी बंद पडलेला माणूस खूप बोलतो. आठ वर्षं मी तेच ऐकते आहे. वर्धा रोडला आमचं ऑफिस. बंद पडलेल्या गाड्या टोचन करून, म्हणजे मागे अडकवून ओढत आणायच्या, हा धंदा. मालक अण्णाजी, ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ शालिक, आणि फोनवर मी, कुमुद. ऑफिसच्या मागे जुने टायर साचलेत ना, तसे किस्से साचलेत. कोणी फुकट न्यायलाही तयार नाही. तरी ऐका!

*

परवाच एकाचा फोन. "तिथं कोणी माणूस नाही का? त्याले द्या फोन."

"माणूस गाडी उचलायला गेलाय," मी म्हटलं. "तुम्हाला गाडी उचलायची आहे, की माणसाशी बोलायचं आहे?"

मुकाट्यानं पत्ता सांगितला.

*

एक जावईबापू नवी कोरी गाडी दाखवायला बेसाला सासुरवाडीला आले, आणि गाडी दारातच बंद! शालिक पोचला तर हे कुजबुजतात, "मागच्या गल्लीतून न्या हो, सासऱ्यांना दिसायला नको." सासरे गच्चीतच उभे!

शालिक म्हणाला, "आत बसा न हात हलवा जी. लोकायले वाटन, वरात चालली!"

*

हे झालं दुसऱ्यांच्या गाड्यांचं. आमच्या गाडीचं काय? तिचा पुढचा डावा टायर पार गुळगुळीत झाला होता. खरं म्हणजे ती स्टेपनीच. दिवाळीपासून पुढे लावलेली. शालिक रोज म्हणायचा, "अण्णाजी, टायर बदला." अण्णाजी चपलेनं टायरला एक टोला द्यायचे. "चालते ना गा अजून!"

"चालते म्हणूनच तं भेव वाटते," शालिक म्हणायचा.

मला तर त्याच्याहून जास्त वाटायचं. तो हायवेला गेला की माझा जीव टांगणीला. अण्णाजी मात्र खुर्चीत पाय पसरून पेपर वाचणार!

*

एकदा तो टायर पंक्चर झाला. शालिक काढून सीताबर्डीच्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "ट्यूब तं आणली. टायर कुठं आहे?"

शालिकनं हे येऊन सांगितलं, तर अण्णाजी म्हणतात, "त्याले नवीन टायर विकायचा असन!"

*

मग आला मे महिना. भर उन्हात बुटीबोरीजवळून एका गाडीचा फोन आला. शालिकनं आमच्या गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"चालते म्हणता ना, अण्णाजी? मंग त्या टायरवरच्या सीटवर तुमी बसा. बसता तं नेतो."

"काहून बे? घरी बसवीन तुले!"

माझं डोकंच फिरलं. मी ऑफिसचा फोन उचलला आणि चावीशेजारी ठेवला. "मग आजपासून हाही तुम्हीच घ्या!"

तेवढ्यात तो फोन वाजायला लागला. अण्णाजींनी फोनकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं. मी हात बांधून उभी, शालिक हात बांधून उभा. फोन वाजतच राहिला. शेवटी अण्णाजींनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गाडीत चढून बसले.

*

दुपारी दोनला शालिकचा फोन. "ताई, फुटला."

"लागलं का तुले?"

"नाही वं ताई. मागं ग्राहकाची गाडी लटकलेली, म्हणून ब्रेकच नाही मारला. स्टिअरिंग घट्ट धरलं न हळूहळू बाजूले घेतली. अण्णाजीही ठीक आहेत. दुपट्ट्यानं घाम पुसून राहिले."

"मग स्टेपनी लाव ना!"

"तेच तं फुटली!"

आमच्या ओढणाऱ्या गाडीला ओढायला मी दुसऱ्यांची गाडी पाठवली. ती तिथं पोचली तेव्हा शालिकनं पुन्हा फोन लावला. "ताई, गंमत ऐक. अण्णाजी वाकू वाकू त्या गाडीचे टायर पाहून राहिले."

मागून अण्णाजींचा आवाज आला, "हा पुढचा तं गुळगुळीत झाला गा!"

"चालते ना जी अजून!" तिकडचा ड्रायव्हर म्हणाला.

मग अण्णाजी असे कडाडले की मी फोन कानापासून लांब धरला.

"तुहा मालक कुठं आहे? बोलाव त्याले पयले! तो इथं बाजूले बसन, तवाच माही गाडी टोचनले लागन!"