ठोकळ्यावरची आक्का

आक्काकडं नवं मानूस कामाला आलं, की पयल्या दिवशी ती त्याच्या पायापाशी मुद्दाम सुरी पाडायची. आदी काई सांगायची न्हाई. मटन तोडता तोडता बोलत ऱ्हायची, तुझं गाव कंचं, लेकरं किती, आन् मधीच हात ढिला सोडायची. वस्तू पडली की धरायला हात जातोच मानसाचा. माझाबी गेला. तिनं माझ्या मनगटावर सत्तुराचा दांडा असा हानला की हात कोपरापातुर बधिर झाला. मला वाटलं, चला, हितंबी मारच हाय.

मंग ती म्हनली, "पडनारी सुरी धरायची न्हाई. हात मागं, पाय मागं. पडू दे. खाली फरशी हाय, फरशीला रगत येत न्हाई."

जामखेडच्या बाजारात तिचं मटनाचं दुकान. जातीची खाटीक. मालक पटकीनं गेले तवा लोकांना वाटलं आता ही दुकान मोडनार, तर ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कासोटा मारून ठोकळ्यापाशी हुभी. ठोकळा चिंचेच्या बुंध्याचा, तोडून तोडून मधी परातीवानी खोलगट झालेला. तवापासून सारा बाजार तिला ठोकळ्यावरची आक्काच म्हनायचा. उंच, काळीभोर, कपाळ मोकळं, आन् उजवा हात डाव्यापेक्षा जाड, सत्तूर मारून मारून. त्या हातानं ती एका घावात बोकडाची मुंडी उकलायची. त्याच हातानं आमच्या मुस्कटातबी द्यायची. म्या दोनदा खाल्ली हाय, दोनी येळंला चूक माझीच हुती.

मी कुनब्याची. माहेर, सासर दोनी कोरडवाहू, पाऊस न्हाई आन् काई न्हाई, दसरा झाला की आमी सगळी कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला जायाचो. तितं तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत माझी मंगल झाली. पोरगी झाली म्हनून मंगलच्या बापानं मला पाचटात पाडून तोंडावर पाय दिला. मंग ते रोजचंच झालं. कोयत्याची मूठ पाठीत, बरगडीत, कदी डोक्यात. एक दिवशी त्यानं तीन महिन्याच्या पोरीच्या गळ्याला कोयत्याचं पातं लावलं आन् मला म्हनला, आता वरडून दाव. मी वरडले न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यो उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेला आन् मी पोरीला पोटाशी बांधून एका ट्रकमधी बसले. भावानं चार दिस ठेवली, मंग बाजारात आनून सोडली, म्हनला आता तू तुझं बग, तुझ्यापायी माझ्या दाराला भांडन नको. मी सावली बगून बसले ती आक्काच्या दुकानाची सावली हुती.

आक्कानं माझा सुजल्याला डोळा बगितला. काय झालं ते इचारलं न्हाई. म्हनली, "वजडी धुता येती का?"

मी जन्मात वजडीला हात लावला न्हवता. म्हनलं, येती.

ती हासली. "खोटं बोलती. ये, दावते."

आन् ती सोता खाली बसली. दुकानाची मालकीन, पन बकऱ्याच्या पोटातलं शेन आदी तिनं काढलं, आतडं उलटं करून पान्यात कसं झटकायचं, उन्हून पान्यात किती येळ धरायचं, वरची काळी साल कशी खरडायची, समदं माझ्या बाजूला बसून, तिच्याबी हाताला तीच घान. मला उलटी आली. तिनं मला माझी उलटी पुसायला लावली आन् म्हनली चल, दुसरं. तिच्या हातानं केल्याबिगर तिनं आमाला एकबी काम सांगितलं न्हाई. फरशी धुवायची तर पयली बादली तिची.

सुरी शिकवली ती हातावर हात ठेवून. कुनी मोठ्यानं खाकरलं तरी मी दचकायची, आन् सुरी हातात आसताना दचकनं म्हनजे बोट गेलंच. ती माझ्या मागं हुभी ऱ्हायची, तिचा तो जाड हात माझ्या हातावर, आन् दोघींचा मिळून एक हात बकऱ्याच्या मांडीत शिरायचा. "हाडाशी भांडू नको," म्हनायची. "आंगठ्यानं चाचप. सांधा सोता सांगतो हितं काप म्हनून." खरंच सांगायचा. मी आंगठा दाबायची आन् आत कायतरी हालायचं, मऊ लागायचं, तितं सुरी घातली की अख्खी तंगडी आवाज न करता हातात यायची. मला त्याचं भ्यावबी वाटायचं आन् बरंबी वाटायचं.

जनावर कापायचं ते मुलानी चाचानं. मागल्या बाजूला, गोनपाटाच्या पडद्याआड. एका बकऱ्याचं दुसऱ्याला दिसू द्यायचं न्हाई, ह्यो आक्काचा कायदा. कापायच्या आदी पानी पाजायचं, ह्यो चाचाचा. म्हातारा मानूस, पांढरी दाढी, आक्काच्या मालकाच्या येळंपासूनचा. दुष्काळानं बकरी अशी वाळलेली की धरली तर नुसती हाडंच हाताला लागायची, तरी चाचा त्यांच्या मानंवरून हात फिरवायचा.

एक गडी हुता कातडं सोलायला. त्यानं एका बकऱ्याला, ते पडद्याकडं येईना म्हनून, पोटात लाथ घातली. आक्कानं ठोकळ्यावरचं काम टाकलं, मागं गेली, नुकतंच काढल्यालं वलं कातडं उचललं आन् त्याच्या तोंडावर हानलं. एकदा, दोनदा, तीनदा. रगत आन् केसं त्याच्या तोंडात गेली. त्यो भितीला जाऊन चिकटला. ती म्हनली, "मरनाऱ्याला मारायचं न्हाई. मारायचं काम चाचाचं, आन् तेबी एकदाच." गडी गेला तो गेला. मी तितंच वजडीच्या बादलीपाशी बसल्ते, पोर मांडीवर, आन् माझ्या डोक्यात ते एकदाच, एकदाच असं वाजत ऱ्हायलं. मंगलच्या बापाला एकदाच म्हनजे काय ते ठाऊक न्हवतं.

अजून एक तिचा कायदा सांगते, कारन पुढचं समदं त्याच्यावर हाय. सुरी कुनाच्या हातात द्यायची न्हाई. ठोकळ्यावर ठेवायची आन् हात मागं घ्यायचा, मंग दुसऱ्यानं उचलायची. आन् बोलायचं आसंल, भांडायचं आसंल, तरी आदी हत्यार ठोकळ्यावर. गिऱ्हाईकाशी हुज्जत घालतानाबी ती आदी सत्तूर खाली ठेवायची, मंग शिव्या द्यायची. चाचा म्हनायचा, आक्कानं सत्तूर ठेवला की बाजारानं कान झाकावं.

उन्हाळा आला. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं, तोडीची मानसं गावाकडं यायला लागली. सासरच्या गावची एक बाई मटन घ्यायला आली, तिनं मला बगितलं, तोंडाला पदर लावला. कुनब्याची सून खाटकाच्या दुकानात रगत धुती. मला कळलं की आता मंगलच्या बापाला कळनार. दोन दिसांनी निरोप आलाच, पोर घ्यायला येतो आन् तुला तितंच तोडतो.

मी रडत आक्काला सांगितलं की मी जाते, तुमच्या दुकानाला नको. ती म्हनली, कुठं जातीस, समद्या रस्त्यानं तोडीचीच मानसं यायलीत. मंग तिनं मंगलची झोळी दारापासून काढली. ठोकळ्याच्या वर एक लोखंडी दांडी हुती, तिला आकडे, आकड्यांना बकरी टांगायची. भितीकडंच्या शेवटच्या आकड्याला तिनं झोळी बांधली, तिच्या सोताच्या लुगड्याची. म्हनली हितं माझ्या नजरंपुढं ऱ्हाईल. एका आकड्याला सोलल्यालं बकरं आन् बाजूला माझी पोर. मला ते बगवत न्हवतं, पन पोरगी तितं शांत झोपायची.

त्यो बाजारच्या दिवशी आला, भर दुपारी. दुकानापुढं गर्दी. आवाजाच्या आदी मला कोयता दिसला. लोकं बाजूला झाली. मी ठोकळ्यापाशी हुते, हातात सुरी, झोळी माझ्या पाठीमागं, आक्का झोळीच्या पलीकडं तराजूपाशी. त्यो शिव्या द्यायला लागला, माझ्या बापाचं, आईचं, खाटकाच्या जातीचं, काई सोडलं न्हाई. माझी पोर दे म्हनला.

आक्कानं तराजू सोडला. आवाज चढवला न्हाई. आमाला काम सांगायची तसाच आवाज. "कोयता ठोकळ्यावर ठेव, आन् मंग बोल. हितं हत्यार धरून कुनी बोलत न्हाई."

खरं सांगते, त्याचा हात खाली आला. आक्काच्या आवाजात कायतरी हुतं, त्यो ठोकळ्याकडं वाकलाच. कोयता लाकडाला टेकनार, येवढ्यात त्यानं माझ्याकडं बगितलं. आन् माझ्या हातात सुरी हुती. मी ठेवली न्हवती. इतकं शिकवलं, रोज शिकवलं, आन् त्याच टायमाला मी सुरी घट्ट धरून हुभी, त्याच्याकडं टोक करून. त्यो म्हनला माझ्यावर सुरी धरती व्हय, आन् त्यानं कोयता उचलला आन् हानला.

कोयता वरच्या दांडीवर आदळला. ठिनगी उडाली. घामानं त्याच्या हातातनं मूठ सुटली आन् कोयता गरगरत माझ्याकडं आला, आन् माझे पाय मागं गेले, हात मागं गेले. शिकवल्यावानी. मी बाजूला सरकले. माझ्या मागं झोळी हुती. मी सरकल्यावर कोयत्याच्या आन् माझ्या पोरीच्या मधी कायच ऱ्हायलं न्हाई.

आक्कानं तो धरला. पात्याला धरला, उजव्या हातानं, झोळीच्या वर वीतभर. कच्चकन आवाज आला, सत्तूर गाभ्यात बसतो तसा. मी बगितलं तर मंगलच्या तोंडावर रगत, डोळ्यात रगत, लुगडं लाल. मला वाटलं पोरगी गेली. मंग ती फुरफुरली आन् रडायला लागली, आन् रगत वरून पडतच हुतं, आक्काच्या मुठीतनं, धार लागल्यावानी.

आक्का खाली बसली न्हाई. तो कोयता तसाच मुठीत धरून ती दोन पावलं चालली, ठोकळ्यावर ठेवला, आन् डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून पात्यावरनं सोडवली. पांढरं हाड दिसत हुतं. त्याला म्हनली, "ठेवला बग मी. आता बोल काय बोलायचं ते."

त्यो मागं सरकला. मंग मागनं चाचानं त्याला कवळ्यात धरला आन् बाजारातल्या मानसांनी त्याला तुडवला, चपलांनी, दगडांनी, तराजूच्या मापानं, त्याचं तोंड वळखू येईना. आक्काच वरडली तवा थांबले. त्या दिवसात ती तेवढं एकदाच वरडली. पोलिसांनी त्याला नेला.

नगरला सरकारी दवाखान्यात आक्काचा हात शिवला. दीड महिन्यानं पट्टी सुटली तवा आंगठा आन् करंगळी हालायची, मधली तीन बोटं लाकडावानी. सुरी धरता येईना. धरली की पडायची.

तिनं एकदाच तोंड वाकडं केलं, मंग मला ठोकळ्यावर हुभी केली आन् सोता माझ्या डाव्या अंगाला स्टूल घेऊन बसली. हात न्हाई तर तोंडानं शिकवायला लागली. आंगठा वर घे. अजून वर. तितं. गिऱ्हाईकं म्हनायची, आक्का, ह्या बाईचा हात तुमच्यावानीच पडतोय. ती म्हनायची, माझाच हाय, तिच्याकडं ठेवायला दिलाय.

एक दिवशी मी तिचा हात तेलानं चोळत हुते. ती तीन बोटं गार लागायची. माझ्या पोटात कवापासनं हुतं ते मी इचारलं. म्हनलं, आक्का, तुमीच म्हनता पडनारी सुरी धरायची न्हाई. मंग तुमी त्यो कोयता का धरला?

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जनू मी वजडी न धुताच शिजवली.

"खाली फरशी न्हवती," म्हनली.

येवढंच. मी लई रडले, ती म्हनली तेल सांडू नको.

पुढं बेलापूरला दिल्याली तिची लेक तिला घेऊन गेली. येस्टीचा टाईम झाला हुता, लेक दारात घाई करत हुती. आक्का ठोकळ्यापाशी गेली, तिची सुरी डाव्या हातानं धुतली, पदराला पुसली. मी हात पुढं केला. मला वाटलं जाताना तरी हातात देईल. तिनं ती ठोकळ्यावर ठेवली, मूठ माझ्याकडं करून, आन् हात मागं घेतला. मी उचलली. मंग ती गेली.

आता मंगल चालती. झोळी लागत न्हाई. चाचा हाय, त्याला दिसतं कमी. मंगलचा बाप सुटला म्हनत्यात, कोन म्हनतं तिकडं कोपरगावलाच हाय, कोन म्हनतं गावाकडं बगितला. रस्त्यानं कोयता घेतल्यालं मानूस दिसलं की मी आदी मंगलला आत घेते, आन् पट्टा पडला की जामखेडात समद्यांच्याच हातात कोयता आसतो. मी दचकते, पन आता दचकले की आदी सुरी ठोकळ्यावर ठेवते.

परवा एक बाई कामाला आली. ओठ फुटल्याला, कडंवर पोरगं. म्या काई इचारलं न्हाई. पोराला चाचाकडं दिलं, तिला वजडी दावली, मंग मटन तोडता तोडता तिचं गाव इचारलं आन् सुरी पाडली. पाडायच्या आदी खाली नजर टाकली, मंगल कुठं हाय, ते पोरगं कुठं हाय. फरशी मोकळी हुती. बाईचा हात गेला तसा मी दांडा हानला, जोरात न्हाई, पन लागंल आसा.

मंग आक्कानं सांगितल्यालं समदं तिला सांगितलं, हात मागं, पाय मागं, पडू दे. आन् जे आक्कानं मला पयल्या दिवशी सांगितलं न्हवतं, तेबी सांगितलं.

"पन बाई, खाली फरशीच हाय का, ते आदी बग."