लिंबू फुटलं नाही तेव्हा

गवत कापायची गाडी चालत होती आणि तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत माझा नवरा बसला होता, आमच्याकडे पाठ करून. गाडीखालचं पातं फिरत होतं. मुलगा गाडीच्या बाजूला गवतात उताणा पडून "बाबा, उठा, उठा" म्हणत ओरडत होता. बाबाला ऐकू येत नव्हतं. इंजिनाच्या आवाजाने डोकं दुखतं म्हणून त्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

मी गाडीमागे गेले नाही. माझे गुडघे धावण्याचे राहिलेले नाहीत. खुर्ची मात्र जवळ होती. हातातलं ताट टाकलं, खुर्ची पाठीकडून धरली आणि जोर लावून आडवी पाडली. नवरा कुशीवर पडला. त्याच्या काखेत हात घालून त्याला बाजूला ओढलं. तो वजनाला हलका आहे, तेवढं बरं. गाडी आली आणि खुर्चीवर चढली. पात्याने खुर्चीचा एक पाय आत ओढला, कडाकडा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

"ढकललंस मला?" नवरा यंत्र कानात घालत म्हणाला.

"हो."

"आधी सांगायचं माणसाला."

"सांगितलं असतं. कान खिशात होते तुमचे."

त्याने वळून खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "कडलेपुरी सांडली सगळी."

खरंच सांडली होती. आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, इथे चुरमुरे आणि भाजके चणे वाटतात. तेच ताट माझ्या हातात होतं.

हे कसं झालं ते सांगते. हेब्बाळच्या पुढे मुलाचं लॉन आहे, लग्नासाठी भाड्याने देतो. गवत एवढं की माणसाने हाताने कापायचं म्हटलं तर एका कडेचं होईपर्यंत दुसऱ्या कडेचं वाढतं. म्हणून त्याने बसून चालवायची गाडी घेतली. दिसायला लहान ट्रॅक्टर, पोटाखाली पातं. आमच्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या ते मी मोजलेलं नाही, पण आयुधपूजा आम्ही इथल्या कानडी लोकांसारखीच करतो. घरातली सगळी वाहनं धुवायची, हार घालायचे, चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं, आरती करायची आणि गाडी पुढे घेऊन लिंबं फोडायची. आरतीनंतर सुरू केलेलं इंजिन मध्येच बंद करायचं नाही, हे आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेलं. आणि ज्याची पूजा केली त्याच्याकडून लगेच थोडं काम करून घ्यायचं, हेही त्यांचंच.

स्कूटरचं लिंबू फुटलं, मोटारीची फुटली. ती दोन्ही फरशीवर होती. ही गाडी होती गवतावर, आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. चाक लिंबावरून गेलं आणि लिंबू न फुटता मऊ मातीत रुतून बसलं. मुलगा पन्नाशीचा आहे, पण लिंबू फुटलं नाही म्हणून त्याचं तोंड उतरलं. ते उकरून परत चाकापुढे ठेवायला तो खाली उतरला. इंजिन चालू, गिअर पुढचा, गवत कापायचं म्हणून पातंही चालू. ब्रेकचं पेडल दाबून खटका अडकवला होता, तो अर्धाच अडकला. मुलगा चाकाशी वाकला आणि खटका सुटला. त्याने हात मागे घेतला तो उताणाच पडला. हात वाचला.

खरं तर अशा गाडीवरून माणूस उठला की ती आपोआप बंद पडते. सीटखाली तशी सोय असते. पण लग्नानंतर लॉनवर काय काय पडलेलं असतं, ते उचलायला मुलाला सारखं उतरावं लागायचं आणि दर वेळी गाडी बंद पडायची. वैतागून त्याने सीटखालच्या वायरी जोडून टाकल्या होत्या. मला हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमहून मेकॅनिक आला. सीट उचलून म्हणाला, "अण्णा, हे कोणी केलं?"

मुलगा गवत बघायला लागला.

"सरी, बरं, काढतो," मेकॅनिक म्हणाला.

मी म्हटलं, "काढा, आणि तो वायरचा तुकडा तुमच्याबरोबर घेऊन जा."

मुलगा गाडी विकायला निघाला होता. मी विकू दिली नाही. गाडीने काही केलं नव्हतं.

आता ती सुरू होताना मी तिथे उभी असते. माझी शाळा चौथीपर्यंत, गाडीवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण काय करायचं ते बघून कळतं. आधी सगळं लॉन चालून बघायचं. लग्नाच्या लॉनवर हारांच्या तारा असतात, केसांच्या पिना असतात, बाटल्यांची बुचं, एकदा तर मुंडावळ्या सापडल्या. पात्याखाली पिन गेली तर गोळीसारखी सुटते. पेट्रोल घालायचं ते इंजिन गार असताना आणि शेडच्या बाहेर. तेलाची कांडी पुसून परत बुडवून बघायची. मग सीटवर बसायचं, पातं बंद आहे ना पाहायचं, गिअर मधे घ्यायचा, ब्रेक खटक्यापर्यंत पूर्ण दाबायचा, आणि मग किल्ली. शेवटी माझं एक काम असतं. मुलाने मोकळ्या जागी पातं चालू केलं की मी दुरून म्हणते, "ऊठ."

तो सीटवरून जरा उठतो. गाडी बंद पडते.

"रोज काय आई, रोज तेच," तो म्हणतो.

"रोज जेवतोसही," मी म्हणते.

मग तो पुन्हा सुरू करतो आणि मी चहा ठेवायला जाते. सकाळी कापलेल्या गवताचा वास येतो, तो मला आवडतो. कापून झालं की लॉन चादर घातल्यासारखं दिसतं.

यंदाच्या पूजेला गाडी फरशीवर आणली. पातं बंद ठेवलं. लिंबं पहिल्या झटक्यात फुटली. नवऱ्याला नवी खुर्ची दिली आहे, लाकडी, जड. ती ओसरीच्या कठड्याआड ठेवतो, गाडीच्या वाटेत नाही, आणि कानातलं यंत्र कानात असल्याशिवाय त्याला कडलेपुरी मिळत नाही.

"इथून काही दिसत नाही," तो कुरकुरला.

"ऐका नुसतं," मी म्हटलं.

त्या दिवशी लॉनवर आम्ही तिघं होतो, नवरा, मुलगा आणि मी. तिघंही आहोत.