पिंपातला आंबट वास

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात औषधाच्या गोळ्या बनत, आणि माल बरा की वाईट हे काका नाकानं सांगत. काका म्हणजे गोळ्या पाडायच्या मशीनवरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. बाकीचे सगळे हिंदी बोलणारे, ते त्यांना भैया म्हणत. त्यांच्याशी मराठीत बोलणारी मी एकटीच, म्हणून माझे काका. हृदयाच्या पेशंटांना रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिनची जी बारीक गोळी देतात, ती आम्ही करायचो. त्या पावडरला ओल लागली की ती बिघडते आणि सिरक्यासारखा आंबट वास सुटतो. लॅबचा रिपोर्ट मागाहून यायचा. रोज सकाळी काका मास्क खाली करून पावडरच्या पिंपात वाकायचे, दोन श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चलो, चालू करा." मी नवी केमिस्ट होते तेव्हा तो वास मला त्यांनीच शिकवला.

दोन वर्षांपूर्वी खोलीत सेन्सर बसला. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, पिंपांच्या कोपऱ्यात, भिंतीवर. हवेत ओल वाढली की माझा फोन ओरडायचा आणि मशीन थांबवावं लागायचं. श्रावणात तर त्यानं नुसता उच्छाद मांडला. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात दिवसातून चारदा ती कटकट. काका म्हणाले, "काहून घाबरून राहिली? मी वास घेतला ना! डबी खोटं बोलून राहिली."

दुसऱ्या दिवशी पाहते तर डबी कोपऱ्यातून निघून, कोरडी हवा सोडणाऱ्या जाळीखाली गेलेली. काकांनीच हलवली होती. मला दिसलं आणि मी गप्प बसले. फोनही गप्प झाला. खरं सांगते, बरं वाटलं मला. आज हे लिहिताना लाज वाटते.

चार दिवसांनी दुपारी गोळ्या मशीनला चिकटायला लागल्या, म्हणून मी स्वतः पिंप उघडलं. आंबट वासाचा भपकाराच आला. डोकं फिरलं माझं.

"काका, हा माल तुम्ही सकाळी पास केला? कोणाच्या तरी बापाच्या पोटात जाणार आहे ही गोळी!"

सगळी खोली ऐकत होती. काका आले, मास्क खाली केला, वाकले. एकदा श्वास ओढला, दोनदा, तीनदा. मग डोकं वर न काढताच हळू विचारलं, "येऊन राहिला का वास?"

"तुम्हाला नाही येत?"

"करोना झाला तेव्हापासून नाही, बेटा. वाटलं होतं, येईल परत."

म्हणजे इतकी वर्षं ते नुसतेच वाकत होते आणि मी त्या वाकण्यावर सह्या ठोकत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. चारचौघांत त्यांच्यावर ओरडले होते, त्याचंच रडू यायला लागलं.

रिटायर व्हायला त्यांचे आठ महिने राहिले होते. "साहेबांना सांगशील?" त्यांनी विचारलं.

"सांगावंच लागेल, काका. डबी हलवलेली मला दिसली होती, हेही सांगीन."

त्यांनी मान हलवली. चार दिवसांचा माल अजून गोदामातच होता, एवढं नशीब. प्रत्येक खोक्यावर नामंजूरचं लाल लेबल काकांनी स्वतः लावलं, मला हात लावू दिला नाही. मग स्टूल ओढून त्यावर चढले, जाळीखालची डबी काढली आणि जुन्या जागी, कोपऱ्यात लावली. थोड्याच वेळात माझा फोन ओरडायला लागला.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"ओल आहे म्हणते."

"खरं बोलून राहिली," काका म्हणाले, आणि त्यांनी मशीनचं मुख्य बटणच बंद केलं.